‘डिसेंट’ला मराठीत काय म्हणावे?



मी आज एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. इंग्रजीतला ‘डिसेंट’. भाषांतराच्या तासाला हा शब्द आला की निम्मा वर्ग ‘विरोध’ लिहितो, उरलेला ‘मतभेद’. मी दोन्ही खोडतो, आणि मग तास संपेपर्यंत वाद चालतो.

शब्द मुळात लॅटिन. ‘सेंतिरे’ म्हणजे जाणवणे, आणि मत असणेही. आपले ‘वाटणे’ असेच दुहेरी आहे: ‘भीती वाटते’ आणि ‘मला वाटते, तो येणार नाही’. गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज वाचणारी वडीलधारी मंडळी आहेत, तिथे ‘सेंतिर’ हे क्रियापद ओळखीचे असेल. ते याच कुळातले. ‘दिस्’ म्हणजे वेगळे. तेव्हा ‘डिसेंट’ म्हणजे वेगळे वाटणे, एवढेच. त्यात भांडण नाही.

भांडण इतिहासाने आणले. इंग्लंडमध्ये १६६२ साली कायदा झाला, की प्रत्येक धर्मगुरूने अधिकृत प्रार्थनापुस्तकातल्या सगळ्या मजकुराला मनापासून ‘असेंट’ आणि ‘कन्सेंट’ असल्याचे जाहीर करावे. हे दोन्ही शब्दही ‘सेंतिरे’चेच. सुमारे दोन हजार धर्मगुरू चर्चबाहेर पडले किंवा काढले गेले. अशांना आणि त्यांच्या अनुयायांना ‘डिसेंटर’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या मुलांना ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता आणि केंब्रिजची पदवी मिळत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या. त्यांना अकादमी म्हणत. हे अकादमीच्याच व्यासपीठावरून सांगताना मौज वाटते.

आता आपले शब्द पाहू. ‘विरोध’मध्ये ‘रुध्’ धातू आहे, अडवणे. पण ‘डिसेंट’ काही अडवतोच असे नाही. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला उच्च न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला: येत नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे होते. त्यांच्या निकालपत्राने एकही माणूस सुटला नाही. पुढे जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. चौघांचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरवला. मधली एक्केचाळीस वर्षे खन्नांचे म्हणणे फक्त नोंदलेले होते. याला विरोध कसे म्हणणार?

‘मतभेद’ची अडचण वेगळी. तो दोघांत ‘होतो’. त्याला कर्ता नाही. ‘खन्नांनी मतभेद केला’ हे मराठी नव्हे.

वर्तमानपत्रे तर याहून पुढे जातात. पक्षात कोणी वेगळे मत मांडले की तो लगेच ‘नाराज’ होतो, आठवड्याने ‘असंतुष्ट’ आणि महिन्याने ‘बंडखोर’. त्याचे म्हणणे काय होते, हे बातमीत शोधावे लागते. माणूस रुसला आहे म्हटले की त्याला उत्तर द्यायची गरज राहत नाही, नुसते समजूत काढायला कोणाला तरी पाठवले की झाले! मी बेळगावचा, रोज कन्नड वर्तमानपत्रही वाचतो. तिथे अशा बातमीत ‘भिन्नमत’ हा शब्द सर्रास येतो. बातमी तीच, पण निदान ‘मत’ हा शब्द शिल्लक राहतो.

आणि गोष्ट आपल्याला परकी नाही. सायमन कमिशनशी सहकार्य करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाने नेमलेल्या समितीत डॉ. आंबेडकर सभासद होते. समितीच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. ते समितीतून उठून गेले नाहीत. काम केले आणि वेगळे लिहून दिले.

‘संमती’ला जोड म्हणून कोणी ‘विमती’ सुचवतात. व्याकरणाने चोख, पण मराठी कानाला त्यात मतिभ्रंशाचा वास येतो. माझा कौल ‘भिन्नमत’ला. शब्द संस्कृत आहे, दोन्ही भाषांचा आहे. शेजाऱ्याकडून परत घ्यायला कसला संकोच? ‘खन्नांनी भिन्नमत नोंदवले’ हे वाक्य सरळ उभे राहते. अडचण एकच. ‘नोंदवणे’ न्यायालयात आणि समितीत शोभते. घरात जेवताना मुलगी बापाला म्हणते, ‘मला तसं वाटत नाही’, तिथे ते चालत नाही. तिथले क्रियापद मला अजून सापडलेले नाही. कोणाच्या बोलीत असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.