स्वस्त बंदुकीची पारख

उडत्या चकत्यांवर नेम धरण्याचा ट्रॅपचा खेळ केवळ श्रीमंतांचा, असा समज आहे. परंतु अमेरिकेंतील क्लबांत बेताच्या मिळकतीचा माणूसही वापरलेली बंदूक घेऊन मैदानांत उतरतो. त्याला धास्ती असते ती एकच : सांठविलेले पैसे निकामी मालावर तर जाणार नाहींत ना?

तेथील साध्या फेरींत १६ यार्डांवरून २५ चकत्या टिपावयाच्या असतात आणि प्रत्येकीवर एकच बार मिळतो. म्हणून ब्राउनिंगच्या बी. टी. ९९ सारखी एकनळी बंदूक पुरते. ऑलिंपिकच्या पात्रता-फेरींत एका चकतीवर दोन बार मिळतात. तेथें मात्र दोन बार टाकतां येतील अशी बंदूक हवी.

पारख करतांना नक्षीला भुलूं नये. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. मग ती मिटवून नळी हलवून पाहावी. सांध्यांत खिळखिळ जाणवली, तर पुढें दुरुस्तीच किमतीला भारी पडते. नळी उजेडाकडे धरून आंतील पोचे व गंज पाहावा. दस्ता खांद्याला लावतांच नजर माशीशीं सरळ मिळाली पाहिजे. शेवटीं कागदावर बार टाकावा. चकती वर चढत जाते, म्हणून छर्रे नेमापेक्षां किंचित् वर पडणें हेंच चांगलें.

बंदूक एकदांच घ्यावयाची, काडतुसें मात्र नित्य लागतात. अंगाला न बसणारी स्वस्त बंदूक चुकलेल्या प्रत्येक बाराबरोबर आपली उरलेली किंमत वसूल करीत असते.