पीएचडी करणाऱ्याला पैसे मिळतात



गेल्या ऑगस्टमध्ये मोडनिंबजवळच्या एका डाळिंबाच्या बागेत गेले होते. आंबे बहाराची तोडणी चालली होती. घरची बाई फळं निवडत होती. तेल्या रोगाचे डाग पडलेलं फळ बाजूला, चांगलं क्रेटमध्ये. तिचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. झालेला. हात न थांबवता तिने विचारलं, "मॅडम, हा आता पीएचडी म्हणतोय. आणखी पाच वर्षं फी कुठून भरायची?"

हा प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकलाय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. आम्ही साधी गोष्टही सांगितलेली नसते. पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याला विद्यावेतन मिळू शकतं. आयआयटी मुंबईत २०२३ पासून त्याचे दर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये असे आहेत. फी असते, पण ती यातून भरता येते. बदल्यात लॅबमध्ये, वर्गात शिकवायला हातभार लावायचा. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. नियमाप्रमाणे पीएचडी तीन ते सहा वर्षांत पुरी करायची असते.

मात्र प्रकल्पांतल्या जागा सीईटीच्या कॅप राउंडसारख्या ठरावीक वेळी भरत नाहीत. प्राध्यापकाला प्रकल्प मंजूर झाला की वर्षात कधीही जाहिरात निघते, अर्जाला कधी जेमतेम पंधरा दिवस असतात. म्हणून आधी माणूस शोधायचा. पुण्याचं सीओईपी असो, लोणेऱ्याचं तंत्रज्ञान विद्यापीठ असो की आयआयटी, प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचायचे, मग पत्र लिहायचं. त्यांच्याकडे आधी काम केलेल्या मुलांना फोन करून किती वर्षं लागली, तेही विचारायचं. हे विचारण्यात संकोच नको.

बागेतल्या त्या मुलाने आपलं पत्र दाखवलं. "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती." असं पत्र पन्नास जणांना गेलं तरी उत्तर येत नाही. मी म्हटलं, आईने बाजूला टाकलेलं ते फळ उचल. तेल्या हा जिवाणूजन्य रोग, पावसाच्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर उडतो. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रोगाचं काम तिथे होतं, पण पानावरचा डाग डोळ्याला दिसायच्या आधी कॅमेऱ्याला ओळखता येईल का, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा प्रश्न आहे. तो पहिल्या ओळीत लिही.

पीएचडीनंतरचा टप्पा पोस्टडॉकचा, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) १९६९ मध्ये पीएचडी झाले, इंग्लंडमध्ये सॅलफर्डला गेले, १९७६ मध्ये परत येऊन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. नेदरलँड्सच्या डेल्फ्टसारख्या तांत्रिक विद्यापीठात तर पीएचडी करणाराच बहुधा करारावरचा पगारी नोकर असतो. जाहिरातीत पगाराची श्रेणीसुद्धा छापलेली असते. आणि जागा मिळवून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथून सरळ उठा.

मुलाने पत्र चार वेळा लिहिलं. दिवाळीनंतर मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच्या आईने मला फोन केला. फीचं काहीच बोलली नाही. कुर्डुवाडीहून मुंबईची गाडी किती वाजता आहे, एवढंच तिने विचारलं.