बिदागी आणि औषधपाणी

संगमनेराहून खाली उतरणारी प्रवरा आपल्या बेलापुराला भेटून पुढे नेवाशास, ज्ञानेश्वरीच्या गावी, जाते. या एकाच नदीच्या काठी कीर्तन आणि तमाशा या दोन्ही विद्या शेजारीशेजारी नांदल्या, हे ध्यानी घेतल्यावाचून येथल्या यात्रांची आणि यात्रेत रात्र जागवणाऱ्या कलावंतांच्या मानमरातबाची कथा नीट उलगडत नाही. खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा रचणारे अनंत फंदी (1744–1819) संगमनेरचेच. लावणी रचणारा हा शाहीर अहिल्याबाई होळकरांच्या शब्दाखातर कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. त्या काळी गुणी माणसाचा गौरव म्हणजे इनाम, वर्षासन, निदान शेला-पागोटे आणि बिदागी. पेशवाई बुडाली, आश्रयदाते गेले, आणि कलावंताचा योगक्षेम गावकीच्या वर्गणीवर येऊन पडला.

तो व्यवहार आजही पाहण्यासारखा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी पुणे-नाशिक रस्त्यालगत तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे जातात, यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस करून सुपारी ठरवतात आणि इसार देऊन परततात. या करारात पैशाची आणि तारखेची वासलात चोख लागते. परंतु ज्याच्या थापेवर सारा खेळ उभा आहे त्या ढोलकीवाल्याचा हात उद्या लुळा पडला तर त्याचे औषधपाणी कोणी करावे, याविषयी त्यात अवाक्षर नसते. गावाला त्याचे वाईट वाटत नाही असे नव्हे. वाटते, पण त्याचे दुखणे कानी येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र या उशिराचे सर्वांत दाहक उदाहरण होय. 1935 साली पंढरपुरास जन्मलेल्या, वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात वाढलेल्या या बाईंनी ऐन खेळाच्या रात्री, दिवस भरलेले असताना, रंगमंचामागे जाऊन बाळाला जन्म दिला आणि प्रेक्षकांना ताटकळत न ठेवता पुन्हा बोर्डावर पाऊल टाकले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते 1957 आणि 1990 अशी दोनदा पदके त्यांना लाभली. आणि तरीही अखेरच्या दुखण्यात रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी लोकांच्या देणग्यांकडे पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार उत्तमच आहे. परंतु ज्या बाईंच्या नावाने तो दिला जातो त्यांच्या उशाशी त्यातली एक वर्षाची रक्कम वेळेवर पोहोचली असती तर, हा विचार मनातून काही केल्या जात नाही. लावणीकार शाहीर पठ्ठे बापूराव तरी काय, 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेतच निवर्तले.

आपल्याच नदीकाठच्या संगमनेरात राहून फड चालवणाऱ्या, वगनाट्यात शिवछत्रपतींची भूमिका करणाऱ्या कांताबाई सातारकर यांना तो विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार हयातीत मिळाला, ही समाधानाची गोष्ट. मे 2021 मध्ये करोनाने त्यांना नेले. करोनाच्या त्या दोन वर्षांत यात्रा बंद, म्हणून सुपाऱ्या बंद, म्हणून फडांतल्या हलगीवाल्यांपासून तुणतुणेवाल्यांपर्यंत साऱ्यांच्या चुली अडल्या होत्या. कांताबाईंचे नाव निदान वर्तमानपत्रांत आले. तुणतुणेवाल्याचे कोठे यायचे?

वेळेवर मदत पोहोचवण्याची एक रीत दूर अमेरिकेत आहे. तेथे केंटकीच्या बिल मन्रो यांनी रूढ केलेल्या ब्लूग्रास नावाच्या ग्रामीण संगीतात फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, वाजवणारा एखादा वादक गंभीर दुखण्याने अंथरुणाला खिळला, तर त्याचे साथीदार जलसा करतात आणि तिकिटांचा पैसा त्याच्या घरी देतात. आपल्याकडेही थैली अर्पण करण्याची चाल होतीच; मात्र आपण ती बहुधा साठी, पंचाहत्तरी असे मुहूर्त पाहून अर्पण करतो, आणि दुखणे काही मुहूर्त पाहून येत नाही.

म्हणून बेलापूरच्या आणि पंचक्रोशीतल्या यात्रा कमिट्यांना माझी एवढीच विनंती आहे, की वर्गणीचा हिशेब लिहिताना एक लहानसे खाते आजारी वादकासाठी उघडावे, आणि ज्याने आपल्या गावी वर्षानुवर्षे ढोलकी, सनई वा पेटी वाजवली त्याच्या आजारपणात शाल-श्रीफळाआधी दवाखान्याचा खर्च पोहोचवावा. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना 1954-55 पासून चालू आहे. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला, अटी पुऱ्या होत असल्यास, तिचा लाभ मिळतो. पण दाखले आणि अर्ज यांच्या जंजाळात एकटा म्हातारा वादक काय टिकणार? गावातल्या एखाद्या लिहित्या-वाचत्या तरुणाने त्याच्याबरोबर पंचायत समितीत जाऊन चौकशी करावी. आणि ती या यात्रेआधीच करावी.