भास, भ्रम आणि वहम



आज एका शब्दाविषयी बोलावयाचे आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'निर्वस्तुभ्रम' असा शब्द येतो. उच्चारावयास अवघड, पण अर्थाने चोख. अंधारात दोरी सापासारखी दिसली तर तो भ्रम. तेथे निदान दोरी तरी असते. कोणीही बोलत नसता आवाज ऐकू येतो, समोर कोणी नसता माणूस दिसतो, तो निर्वस्तुभ्रम. आपल्या बोलीत त्याला 'भास' हा सोपा शब्द आहे.

घरात आपण 'वहम' म्हणतो. हा शब्द अरबी. अर्थ कल्पना, भ्रम. मराठीत तो 'वहीम' झाला आणि त्याचा अर्थ झाला संशय! आपले वागणेही असेच बदलते. भास एखाद्या मुलाला होतो आणि संशय आपण त्याच्यावरच घेतो. ढोंग करतो, बाधा झाली, वेडा झाला, असे म्हणून मोकळे होतो.

'मजनून' या शब्दाचा मूळ अर्थ जिन्नाने पछाडलेला. पण ज्या समाजात हा शब्द रूढ होता, त्याच समाजात सुलतान कलावून याने १२८४ साली कैरोत उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांवरही उपचार होत. याउलट ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात, साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत बळी पडले. त्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

पालकहो, भास म्हणजे प्रत्येक वेळी मोठा आजार नव्हे. कडक तापात, झोप लागता लागता, जवळचे माणूस गेल्यावरही तो होतो. परंतु मुलगा एकटा राहू लागला, स्वतःशीच बोलू लागला, अभ्यास व झोप सुटली, आवाज येतात असे सांगू लागला, तर थांबू नका. छिन्नमनस्कता हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यावर औषधे आहेत, आणि उपचार जितके लवकर तितका गुण अधिक.

त्याच्याशी वाद घालू नका, मारू नका. आवाज आपल्यालाही येतो असे खोटेही सांगू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो हे मला समजते," एवढे म्हणा. सोलापूर आपल्या मोहोळपासून दूर नाही; तेथील शासकीय रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या सोबत्याला 'येडा' म्हणण्यापूर्वी हा शब्द आठवा. त्याला भास होतो आहे, एवढेच म्हणा आणि मोठ्या माणसांना सांगा. पालकांनी दुआ अवश्य करावी, पण दवा चुकवू नये.