लिहिणाऱ्याच्या भाकरीचा प्रश्न

(तालुक्याच्या गांवीं एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत केलेलें भाषण.)



वाचनालयाच्या चालकांनीं आम्हांस आज बोलावयास जो विषय दिला आहे, तो 'कवि, लेखक व कलावंत यांचें जीवन' असा आहे. विषय मोठा गोड आहे. कवि म्हटला कीं चांदणें, नदीकांठ आणि हातीं लेखणी धरून आकाशाकडे पाहणारा मनुष्य असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्हीही तसेंच कांहीं गोड बोलून मोकळे झालों असतों. पण सभेस येतांना दारांतच एका तरुणानें आम्हांस अडविलें. त्याच्या हातांत कवितांची वही होती. तो दिवसा हमाली करतो आणि रात्रीं लिहितो. त्यानें विचारलें, "दादा, लिहून पोट भरतं का?" आम्ही म्हणालों, "बाळा, सभेंत बैस, उत्तर चारचौघांत देतों." तेव्हां आजचें आमचें सारें बोलणें त्या एका प्रश्नाचें उत्तर समजावें.

पहिल्यानें एक खोटी समजूत दूर केली पाहिजे. कष्टकरी जातींत लेखक उशिरां निपजले, त्यांना विद्येची गोडीच उशिरां लागली, असें कित्येक पंडित म्हणतात. हें साफ खोटें आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. अडाणी कुणबी नवराबायकोस ग्रहांची भीति घालून जोशी कसा लुबाडतो, हें त्यांत दाखविलें आहे. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेलें आणि कमिटीनें तें नाकारलें. पुढें तें छापून निघालें १९७९ सालीं, 'पुरोगामी सत्यशोधक' ह्या नियतकालिकांत. हिशेब करा, १२४ वर्षें झालीं! लिहिणारा होता, लिहिलेलें होतें, भोंवतीं ऐकणारेही होते. नव्हता तो छापखान्यापर्यंतचा रस्ता.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक छापलें. बायकांना दोष देणाऱ्या पुरुषजातीस त्यांनीं त्यांत असा जाब विचारला कीं, तसा त्याआधीं मराठींत कोणीं विचारला नव्हता. जोतीरावांनीं १८८५ च्या 'सत्सार' मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं, आणि पहिलेंही लोक विसरून गेले. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हा छापलें, तेव्हां महाराष्ट्रास ह्या बाईची ओळख झाली. एकच पुस्तक लिहून ती बाई गप्प कां बसली, हें कोणीं तिला विचारलें काय?

त्याच १८८५ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ति रानडे यांनीं जोतीरावांस बोलावणें केलें. जोतीरावांनीं पत्र लिहून तें नाकारलें. ज्यांना सर्व मनुष्यांचे हक्क सारखे मानवत नाहींत, त्यांच्या सभांचा आणि त्यांच्या पुस्तकांचा आमच्या सभांशीं व पुस्तकांशीं मेळ बसावयाचा नाहीं, असा त्या पत्राचा मतलब होता. हा रुसवा नव्हता. आपलें दुःख आपणच लिहिलें पाहिजे, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून तें लिहितां येत नाहीं, असा तो सरळ हिशेब होता.

पण बंधुभगिनींनो, दुसऱ्यानें दार लावलें एवढेंच सांगून आमचें काम संपत नाहीं. आतां आपल्या घरांत पाहूं.

जळगांवजवळच्या आसोदें गांवीं १८८० सालीं बहिणाबाई जन्मली. तेराव्या वर्षीं लग्न होऊन ती जळगांवच्या चौधरींच्या घरीं आली आणि पुढें तरुणपणींच विधवा झाली. शेत, घर आणि लेंकरें सांभाळीत तिचा जन्म गेला. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. जात्यावर बसली, शेतांत वांकली, कीं गाणें ओठांवर येई. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवि होता. त्यानें व एका नातलगानें तीं गाणीं वहींत उतरून ठेवलीं. ती १९५१ सालीं वारली. पुढें आचार्य अत्रे यांच्या नजरेस ती वही पडली आणि १९५२ सालीं बहिणाबाईचीं गाणीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास तिचें नांव आहे. तें २०१८ सालीं देण्यांत आलें. जिला अक्षर येत नव्हतें तिच्या नांवाच्या विद्यापीठांत आज पदव्या मिळतात, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्या अभिमानाबरोबर एक हुरहुरही वाटते. सोपानदेव घरांत नसता तर? आणि ज्यांच्या घरांत सोपानदेव नव्हता, अशा किती बहिणाबाई आपापल्या जात्याबरोबर मातींत गेल्या असतील? येथें बसलेल्या किती जणांनीं आपल्या आजीची एक तरी ओवी लिहून ठेविली आहे? हात वर करा असें आम्ही म्हणत नाहीं. सभेंत उगीच कोणाची मान खालीं जावयास नको.

आतां अण्णा भाऊ साठे यांचें उदाहरण घ्या. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं मांगाच्या घरीं १९२० सालीं हा मुलगा जन्मला. शाळा दीड दिवसाची. गांवाहून चालत मुंबई गांठली, तेथें हमाली केली, गिरणींत राबला, घाटकोपरच्या चिराग नगरांतल्या झोपडींत राहिला. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यानें लाल बावटा कलापथक काढलें. १९५८ सालीं मुंबईस पहिलें दलित साहित्य संमेलन भरलें, त्याचें उद्घाटन त्याच्याच हातून झालें. १९५९ सालीं 'फकिरा' कादंबरी निघाली, ती त्यानें बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ सालीं तो रशियास जाऊन आला. तीसांहून अधिक कादंबऱ्या ज्याच्या नांवावर आहेत, तो मनुष्य १८ जुलै १९६९ रोजीं, वयाचीं ४९ वर्षें पुरीं होण्याआधीं, दारिद्र्यांत वारला. पुढें २००२ सालीं त्याच्या चित्राचें टपाल तिकीट निघालें, २०२२ सालीं मॉस्कोंत पुतळा बसला. आमच्या म्हाताऱ्यांनीं ह्याला एक नांव ठेवलेलें आहे : वरातीमागून घोडें!

१ ऑगस्टला आपल्या गांवोगांवीं अण्णा भाऊंची मिरवणूक निघते. निघालीच पाहिजे. पण त्या मिरवणुकींत डीजेला जेवढे पैसे मोजले जातात, तेवढ्यांत 'फकिरा'च्या किती प्रती येतील, ह्याचा हिशेब वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनीं एकदां करावा. चौकांतल्या फ्लेक्सवर अण्णा भाऊंचें चित्र हातभर आणि पुढाऱ्याचें पांच हात! ज्यानें जन्मभर भुकेल्यांची बाजू मांडली, त्याचें पुस्तक घरांत नाहीं आणि त्याचा फोटो मात्र आहे, ही मूर्तिपूजाच झाली. सत्यशोधकांनीं एक देव्हारा मोडला तो दुसरा मांडण्यासाठीं नव्हे.

फडावरची गोष्ट याहून कठीण. पठ्ठे बापूराव हे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्मानें ब्राह्मण. ते तमाशांत आले, लावण्या रचल्या, आणि पवळा नांवाच्या महार जातीच्या थोर कलावतीबरोबर फड गाजविला. त्यांच्या जातीनें त्यांस दूर लोटलें. ज्या लोकांनीं त्यांच्या लावण्यांवर फेटे उडविले, त्यांनींही म्हातारपणीं त्यांस विचारलें नाहीं; १९४५ सालीं ते पुण्यास हलाखींत वारले. हें उदाहरण आम्ही मुद्दाम देतों. आमचें भांडण कोणाच्या जन्माशीं नाहीं. जो आपल्यांत येऊन आपली कला वाढवितो तो आपला, आणि त्याला उपाशी ठेवण्याचें पाप करणारे आपण असलों तर तें पापही आपलेंच.

विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांस १९५७ व १९९० सालीं अशीं दोन वेळां राष्ट्रपतींच्या हस्तें पदकें मिळालीं. दिवस भरलेले असतांना बाई फडावर नाचल्या, खेळ चालू असतांनाच पडद्यामागें बाळंत झाल्या, हें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत आजही सांगतात. त्या २००२ सालीं वारल्या. अखेरच्या दिवसांत त्यांच्या औषधपाण्यास पैसा नव्हता. दवाखान्याचें बिल देणगीदारांनीं दिलें. आज त्यांच्या नांवानें सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. टाळ्या, शिट्ट्या, पदकें, पुरस्कार सारें झालें. राहिलें तें म्हातारपणचें औषध.

मग सगळेंच अंधारांत आहे काय? नाहीं. जेथें आश्रय मिळाला तेथें काय झालें, तेंही पाहूं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं कलेस हात दिला. केशवराव भोसले हा गरीब घरचा पोरका मुलगा. लहानपणींच नाटक कंपनींत गेला, १९०८ सालीं त्यानें ललितकलादर्श मंडळी काढली. महाराजांनीं १९१५ सालीं पॅलेस थिएटर बांधलें, तें पुढें त्याच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. केशवराव १९२१ सालीं ऐन तारुण्यांत गेले. पण ऑगस्ट २०२४ मध्यें तें नाट्यगृह आगींत जळालें, तेव्हां घरचेंच माणूस गेल्यासारखें कोल्हापूरकर हळहळले. त्याच शहरांत सुताराच्या घरीं बाबूराव पेंटर निपजले. चित्रकलेची शाळा त्यांनीं पाहिली नाहीं. सिनेमाचा कॅमेरा मात्र स्वतः खटपट करून बनविला. १९२५ सालीं त्यांनीं 'सावकारी पाश' हा बोलपट येण्याच्या आधीच्या काळांतील मूकपट काढून शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत कशी जाते, हें पडद्यावर आणलें.

राजे गेले, संस्थानें गेलीं. आतां राजा कोण? आपणच. राजाश्रय संपला तेथें लोकाश्रय सुरू झाला पाहिजे. आणि तो होऊं शकतो, ह्याचा दाखला आपल्याच चळवळींत आहे. मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' साप्ताहिक खेड्यांतून सुरू केलें आणि १९६७ सालीं आपण जाईपर्यंत तें चालविलें. नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या लहान गांवीं छापखाना ठेवून पत्र काढलें. त्याच्या मागें कोठल्या शेठाची पेढी नव्हती. मागें होते ते वर्गणी भरणारे शेतकरी, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याला वाचून दाखविणारा शेजारी.

तेव्हां आम्ही तीन कामें सांगतों. पहिलें काम घरचें. ह्या महिन्यांत प्रत्येकानें एक वही करावी आणि घरांतल्या म्हाताऱ्या माणसाच्या ओव्या, गाणीं, म्हणी, गोष्टी, जशा बोलल्या तशा, भाषा न सुधारतां, लिहून ठेवाव्या. दुसरें काम गांवचें. जयंतीच्या वर्गणींतून दहांतला एक भाग पुस्तकांसाठीं काढावा, तीं ह्याच कपाटांत ठेवावीं. आणि शाहिराला, गोंधळ्याला, कवीला बोलावलें तर नारळ व शाल देऊन बोळवूं नये. मंडप घालणाऱ्याची मजुरी आपण चुकवीत नाहीं, मग गाणाऱ्याची बिदागी कां चुकवितों? तिसरें काम वाचकाचें. आपल्या माणसानें लिहिलें म्हणून डोळे मिटून वाहवा करूं नये. खोट्या स्तुतीनें नवा लेखक जेवढा बिघडतो तेवढा निंदेनें बिघडत नाहीं. चूक दिसली तर तोंडावर सांगावी. पण आधीं पुस्तक विकत घेऊन मग सांगावी.

आतां बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर. लिहून पोट भरतें असें आम्ही तुला सांगणार नाहीं. तें खोटें होईल. नारायण सुर्वे तान्हे असतांना मुंबईच्या रस्त्यावर सांपडले. गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारानें त्यांस घरीं नेऊन वाढविलें आणि आपलें नांव दिलें. त्यांनीं गिरणींत काम केलें, शाळेंत शिपाई झाले, पुढें शिक्षक झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ सालीं निघाला आणि १९९५ सालीं परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पोट त्यांनीं पगारावर भरलें, कवितेवर नव्हे. म्हणून तूंही कवितेच्या नादानें काम सोडूं नकोस, आणि कामाच्या थकव्यानें वही मिटूं नकोस. एवढें मात्र सांभाळ कीं, भाकरीसाठीं कोणाच्या ताटाखालचें मांजर होऊं नकोस. पुढारी तुला व्यासपीठ देईल, तेव्हां त्याच्यावरच ओळ लिहावी लागेल तर काय करशील, हें आधींच मनांत ठरवून ठेव.

आणि सभेला आम्ही विचारतों, त्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आमच्याकडे होतें, तें दिलें. उरलेलें अर्धें तुमच्याकडे आहे. तो हमाल तुमच्याच गांवचा आहे. त्याची वही अजून कोणीं उघडून पाहिलेली नाहीं. सभा संपल्यावर तो दारापाशींच उभा असेल.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.

सत्यमेव जयते.