गॅलरीतली शेती आणि एक दुरुस्तीची नोंद

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला 'गॅलरीतला भाजीपाला' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे सुरुवात हिशेबानेच करतो. २०१२ साली निवृत्त झालो. चार वर्षं पेपर वाचण्यात गेली. २०१६ च्या दसऱ्याला पहिल्या कुंड्या आणल्या. त्या वर्षीचा खर्च कुंड्या, खत, हिरवी जाळी, झारी धरून ६,८४० रुपये. निघालेल्या भाजीची किंमत कॉटन मार्केटच्या भावाने १,११५ रुपये. असा प्रस्ताव घेऊन कोणी माझ्या टेबलासमोर आला असता, तर मी कर्ज मंजूर केलं नसतं. आमच्या सौ.चं म्हणणं, यात माझी मजुरी धरलेली नाही. ती धरली तर बँकच बुडते.

पहिली चूक मातीची. काटोलकडे आमचं गाव आहे. तिथून भावाने चार पोती काळी माती पाठवली. ज्या मातीत वडिलांनी कपाशी काढली, ती कुंडीत का नाही चालणार, असा माझा रुबाब. आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत तिचा स्वभाव बदलतो. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. शेताला भेगा पडतात तशीच ती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी मुळाला न भिजवता त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून फरशीवर येतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, झाड तहानलेलं आहे, आणखी एक तांब्या घाला. मी घालत होतो. दिवसातून दोनदा, बावीस कुंड्यांना.

वजनाचाही विचार केला नाही. एक घनफूट ओली माती साधारण पन्नास किलो भरते. माझी एकेक कुंडी पंचवीस किलोच्या आसपास होती. म्हणजे साडेपाचशे किलो, आणि तेही सगळं ऊन हवं म्हणून कठड्यालगत, अगदी बाहेरच्या कडेला. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. हाताच्या टोकाला बादली धरून पाहा, मग कळतं. आता जड कुंड्या मी भिंतीजवळ ठेवतो आणि कठड्याकडे फक्त हलके ट्रे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यासाठीच मी हे भाषण द्यायला हो म्हटलं.

सप्टेंबर २०१८ ची आपली वार्षिक सर्वसाधारण सभा जुन्या सभासदांना आठवत असेल. माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये गॅलरीलगतच्या भिंतीला ओल आली होती. पोपडे सुटत होते. त्यांचं म्हणणं, पाणी वरच्या कुंड्यांचं आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या गॅलरीतून एक थेंब खाली जात नाही, हे पावसाचं पाणी आहे, बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर बिल्डरने कच्चं केलं आहे. मी बँकेतला माणूस, बोलणं मुद्देसूद. सभेने माझं ऐकलं. दिवाळीआधी दुरुस्ती निधीतून ३८,००० रुपये खर्च करून ती बाजू गिलावा आणि रंग करून घेतली. हे सगळं इतिवृत्तात आहे.

फेब्रुवारीत शेजारी वर आले. म्हणाले, "साहेब, पाऊस जाऊन चार महिने झाले, भिंत अजून ओलीच हाय." त्यांच्या आईंची खाट त्याच भिंतीला होती. त्यांना दमा होता. खाट उचलून हॉलमध्ये आणावी लागली. मी त्यांना चहा दिला आणि जुनी ओल वाळायला वेळ लागतो असं सांगितलं. पावसाचं पाणी फेब्रुवारीत कुठून येणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. खरं सांगायचं तर पडला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही.

मग २०२० चा उन्हाळा. लॉकडाऊन. करायला काही नाही म्हणून एक दिवस सगळ्या कुंड्या सरकवून फरशी धुवायला घेतली. कोपऱ्यातली पाणी जायची मोरी गच्च भरलेली. वर काळ्या मातीचा गाळ, त्यात पुदिन्याची मुळं जाळ्यासारखी विणलेली. कुंड्यांखाली फरशीचे सांधे पोखरलेले. चार वर्षं पाणी तिथं साचत होतं आणि सांध्यांतून झिरपत होतं. खुरप्याने खरवडून दोन बादल्या गाळ काढला, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. महिनाभरात खालची भिंत वाळली. सगळे म्हणाले, बाहेरचा गिलावा अखेर कामी आला. मी काही बोललो नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आई गेल्या. मी घाटावर गेलो होतो. तिथंही काही बोललो नाही.

बँकेत चुकलेली नोंद कोणी खोडत नाही. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करतात आणि सही करतात. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो : २०१८ च्या सभेतलं माझं विधान चूक होतं. पाणी माझ्या गॅलरीतलं होतं. तसं लेखी पत्र सचिवांकडे दिलं आहे, सोबत ३८,००० रुपयांचा चेकही आहे. ते पैसे मी बाहेरची भिंत दाखवल्यामुळे गेले. पुढच्या सभेत पत्र वाचून इतिवृत्तात घ्यावं, ही विनंती.

शेजाऱ्यांना हे पहिल्यांदा इथं ऐकावं लागू नये म्हणून मी परवा खाली जाऊन आलो. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मले माहीत होतं साहेब. वरून खरवडल्याचा आवाज आला, आन् पुढच्या महिन्यात भिंत वाळली. मी वाट पाहत होतो." आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. मला त्यांच्याकडे पाहून बोलणं जड जातं आहे, म्हणून मी मधूनमधून कागदात पाहतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

असो. भाजीकडे वळतो, नाहीतर अर्धं भाषण विषयाबाहेर गेलं म्हणाल.

त्या उन्हाळ्यात मी श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचलं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवार उभा करणारे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा यांवर भाज्या नि फळझाडं वाढवली, तीही याच विचाराने. माती अगदी थोडी. मी धडा घेतला. आता एक वाटा काळी माती, एक वाटा गांडूळखत आणि दोन वाटे कुजलेला पाला. पाला आपल्या मागच्या कडुनिंबांचा, फुकट. कुंडी निम्म्याने हलकी झाली, पाणी धरून ठेवते आणि कडेपासून सुटत नाही.

नागपुरात वेळापत्रक मात्र पुण्या-मुंबईच्या पुस्तकातलं चालत नाही. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे पारा ४७ च्या वर गेला होता. नवतपात टमाट्याचं झाड जगवता येतं, पण फूल गळून जातं, फळ धरत नाही. म्हणून टमाटे, वांगी, मिरची यांची रोपं पोळ्यानंतर तयार करायची. मेथी, पालक, सांबार दसरा ते संक्रांत. सांबाराचे धणे पेरण्याआधी चपलेने हलके रगडून दोन फाकी करावेत. मेथी महिन्याभरात हाताशी येते, नव्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. उन्हाळ्यात चिवळ लावा, आपल्या उन्हाला तीच पुरून उरते. दोडक्याचा वेल चढवलात तर त्याचं फूल संध्याकाळी उमलतं. मधमाश्या आपल्या मजल्यापर्यंत फारशा येत नाहीत, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला आपणच लावावं. नातवंडांना हे काम फार आवडतं.

कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच. माझ्या पालकाच्या कडा त्याने जळाल्या होत्या. कुंडीखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून कोरड्या करा, डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. आणि कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालची फरशी दिसत राहते.

मागच्या वर्षीचा हिशेब : खर्च ९२० रुपये, भाजी २,३०० च्या आसपास. तरी सांबारवडीचा बेत असला की सांबार मार्केटातूनच येतो. गॅलरीतला चार वड्यांपुरता असतो आणि आमच्या घरी पाहुणे आठ येतात.

शेवटी एक सूचना. मेथीच्या बियांच्या पुड्या करून आणल्या आहेत. प्रत्येक पुडीला मोरीवर बसेल एवढा जाळीचा चौकोनी तुकडा टाचला आहे. ज्यांना हवी त्यांनी जाताना घ्यावी. जाळी बसवल्यावर मला हाक मारा, मी येऊन पाहीन. आमच्या खालच्या शेजाऱ्यांनी दोन पुड्या आधीच मागून घेतल्या आहेत. त्यांच्याही खाली एक फ्लॅट आहे.