मोडीत जाणारी भांडी

पर्कोलेटर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. आपल्याकडे कॉफी करायची म्हणजे पातेल्यात उकळायची आणि वर चिमूटभर जायफळ घालायचे. पर्कोलेटर ही कॉफीची किटलीच. पण तिच्या आत एक उभी नळी असते आणि नळीच्या वरच्या टोकाला भोकांची डबी. डबीत कॉफीची पूड घालतात. तळचे पाणी तापले, की बुडबुड्यांबरोबर नळीतून वर चढते, पुडीवर पडते आणि झिरपून पुन्हा खाली येते. अमेरिकेत १९२० नंतरच्या काळात विजेवर चालणाऱ्या अशा किटल्या चिनी मातीच्याही निघाल्या. ‘रॉयल रोचेस्टर’ हे त्यांतले एक नाव. आज हौशी लोक त्या शोधून शोधून जमवतात.

आता कुणी विचारील, की असली जुनी किटली घेऊन करायचं काय? प्रश्न रास्त आहे. तिच्या वायरीचे वेष्टन जीर्ण झालेले असते. शिवाय अमेरिकेतला विजेचा दाब आपल्या निम्म्याच्या आसपास. आपल्या २३० व्होल्टवर ती लावली तर उष्णता जवळजवळ चौपट, म्हणजे ती जळालीच समजा! पण संग्राहक तिच्यात कॉफी करीत नाही. तो बुडाचा शिक्का वाचतो, झाकण, नळी, डबी मूळची आहे ना ते पाहतो. वीज घरात नवी होती तेव्हा लोक कसे राहत, काय पीत, हे त्याला त्या भांड्यावरून कळते.

आपल्याकडे हाच ध्यास पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी घेतला. १९२० च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली आणि दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी अशा तुमच्याआमच्या घरच्या वस्तू गोळा केल्या. बालपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे राहिले, आणि १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

कोल्हापूरकरांना तर दूर जायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली, तशी रोमन घडणीची कांस्यपात्रेही सापडली. इथल्या माणसांचा सातासमुद्रापलीकडे संबंध होता, याची साक्ष त्या साध्या भांड्यांनीही दिली.

म्हणून गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. गावात घंगाळ, बंब, चिनी मातीची बरणी, कंदील अजून माळ्यावर असतील. मोडीच्या तराजूत घंगाळाचे वजन भरते, त्याची हकीकत भरत नाही. ते कुणी, कोणत्या बाजारातून आणले, कल्हई कोण लावी, हे मुलांनी घरच्या आजीला विचारून वहीत लिहावे. वस्तू शाळेत ठेवता आली तर उत्तमच. नाही आली, तरी वही राहील. मात्र आजी आहे तोवरच विचारायला हवे, बरं का!